'द स्पेकल्ड बँड' आणि 'लँब टू द स्लॉटर' : भाषा व शैली यांची तुलना

'द ॲडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड' (१८९२) ही आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) यांची आणि 'लँब टू द स्लॉटर' (१९५३) ही रोआल्ड डाल (१९१६–१९९०) यांची लघुकथा. इंग्रजीतील खूनकथांमध्ये या दोन्ही कथा प्रातिनिधिक मानल्या जातात. दोघींमध्ये सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. पहिली कथा 'खून कोणी व कसा केला' या प्रश्नावर उभी आहे. दुसरीत खून वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो आणि 'आता पुढे काय' एवढाच प्रश्न उरतो. या मूलभूत फरकामुळे दोन्ही कथांतील निवेदन, वाक्यरचना, संवाद आणि शब्दकळा यांची घडण वेगळी झाली आहे. इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत या कथा पुष्कळदा जोडीने अभ्यासल्या जातात. प्रस्तुत लेखात त्यांच्या भाषेची व शैलीची तुलना केली असून त्या मराठीत आणताना उद्भवणाऱ्या प्रश्नांचाही विचार केला आहे. लेखात दोन्ही कथांचा शेवट उघड केलेला आहे.

प्रकाशन व पार्श्वभूमी

डॉयल यांची कथा लंडनच्या 'द स्ट्रँड मॅगझिन' या मासिकात फेब्रुवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' या बारा कथांच्या संग्रहात आठवी कथा म्हणून समाविष्ट झाली. मासिकातील चित्रे सिडनी पॅजेट यांची होती. १९२७ मध्ये डॉयल यांनी आपल्या आवडत्या होम्सकथांची यादी केली, तेव्हा तिच्यात या कथेला पहिले स्थान दिले. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधील 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेपासून चालत आलेली बंद खोलीतील गूढ मृत्यूची परंपरा येथे पुढे नेलेली दिसते.

डाल यांची कथा अमेरिकेतील 'हार्पर्स मॅगझिन'च्या सप्टेंबर १९५३ च्या अंकात आली आणि त्याच वर्षी 'समवन लाइक यू' या संग्रहात समाविष्ट झाली. गुन्हेगार आरंभीच उघड करून त्यानंतरचा शोध दाखवण्याची 'उलटी' रहस्यकथा आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी 'द सिंगिंग बोन' (१९१२) या संग्रहात रूढ केली होती. डाल यांनी तोच साचा घेतला, परंतु त्यातून यशस्वी शोध वगळून टाकला.

कथानकांचा गोषवारा

'द स्पेकल्ड बँड'मध्ये हेलन स्टोनर ही तरुणी एप्रिल १८८३ मधील एका सकाळी बेकर स्ट्रीटवर होम्सकडे येते. तिची जुळी बहीण ज्यूलिया दोन वर्षांपूर्वी, लग्न जवळ आले असता, आतून बंद केलेल्या खोलीतून बाहेर येऊन कोसळली व मरण पावली. मरताना तिने ठिपकेदार 'बँड'चा उल्लेख केला. आता हेलनचेही लग्न ठरले आहे, तिला बहिणीच्याच खोलीत झोपावे लागत आहे आणि रात्री तीच शीळ ऐकू आली आहे. सावत्र वडील डॉ. ग्रिम्सबी रॉयलॉट यांना मुलींच्या आईच्या मालमत्तेतून उत्पन्न मिळते. मुलींची लग्ने झाल्यास प्रत्येकीला वर्षाला २५० पौंड द्यावे लागणार आणि एकूण उत्पन्न घटून ७५० पौंडांवर आलेले, हे होम्स मृत्युपत्रावरून शोधून काढतो. स्टोक मोरन येथील घरात जमिनीला खिळलेला पलंग, न वाजणारी घंटेची दोरी, शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका आणि दुधाची बशी यांवरून सापाचे रहस्य उलगडते. होम्सने छडीने मारलेला साप उलट फिरून रॉयलॉट यांनाच दंश करतो.

'लँब टू द स्लॉटर'मध्ये सहा महिन्यांची गरोदर मेरी मॅलोनी पोलीस खात्यात असलेल्या नवऱ्याची, पॅट्रिकची, वाट पाहत असते. घरी आल्यावर तो तिला एक निर्णय सांगतो. तो तिला सोडून जाणार, हे वाचकाला अनुमानानेच कळते. ती यांत्रिकपणे तळघरात जाऊन शीतपेटीतून कोकराची गोठलेली तंगडी आणते आणि त्याच तंगडीचा घाव त्याच्या डोक्यात घालते. मग तंगडी भट्टीत भाजायला ठेवून ती वाण्याकडे जाते, परत येऊन पोलिसांना बोलावते आणि शेवटी हत्यार शोधणाऱ्या पोलिसांनाच ते जेवणात वाढते.

निवेदन आणि दृष्टिकोन

डॉयल यांची कथा डॉ. वॉटसन प्रथमपुरुषी सांगतो. वॉटसन प्रामाणिक, सुशिक्षित आणि होम्सपेक्षा एक पाऊल मागे असलेला निवेदक आहे. होम्स जे पाहतो ते सर्व वॉटसनही पाहतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. त्यामुळे लेखकाला वाचकापासून काहीही न लपवता रहस्य राखता येते. दोरी, झरोका, बशी आणि फासाची गाठ मारलेला चाबूक ही सारी साधने वाचकासमोर येतात. फक्त त्यांची जुळणी होत नाही. शिवाय कथा घडून गेल्यानंतर अनेक वर्षांनी, संबंधित स्त्रीच्या अकाली निधनामुळे वचनातून मुक्त झाल्यावर ती सांगितली जात आहे, असे आरंभीच नमूद केले आहे. त्यामुळे निवेदनाला दप्तरातील नोंदीचा विश्वासार्हपणा येतो.

डाल यांची कथा तृतीयपुरुषी आहे, परंतु निवेदक मेरीला चिकटून राहतो. तिला दिसते, ऐकू येते आणि वाटते तेवढेच आपल्याला कळते. पॅट्रिक नेमके काय बोलला हे निवेदक सांगतच नाही. बोलण्याला चारपाच मिनिटे लागली आणि ती स्तब्ध बसून ऐकत राहिली, एवढेच सांगतो. ज्या वाक्यांनी खून घडवला ती वाक्येच गाळून टाकणे हा या कथेतील सर्वांत धाडसी शैलीविशेष म्हणता येईल. डॉयल यांच्याकडे मौन हे कोड्याचा भाग असते. डाल यांच्याकडे ते पात्राच्या बधिरतेचा भाग होते.

स्थळवर्णन व वातावरण

स्टोक मोरनचे घर गॉथिक कादंबऱ्यांच्या परंपरेतले आहे. शेवाळलेला करडा दगड, खेकड्याच्या नांग्यांसारख्या वळलेल्या दोन बाजू, फळ्या ठोकलेल्या फुटक्या खिडक्या, कोसळलेले छप्पर आणि आवारात मोकाट फिरणारे चित्ता व बबून अशा तपशिलांनी वाचक संकटाची अपेक्षा करू लागतो. ज्यूलियाच्या मृत्यूची रात्रही वादळी आहे. अंधारात बसून राहण्याच्या प्रसंगी मात्र डॉयल वर्णन आखडते घेतात. दूरच्या घड्याळाचे टोले आणि मधूनच येणारा एखादा आवाज यांवरच उत्कंठा तोलली जाते.

डाल यांच्या कथेत भीतीचे एकही पारंपरिक चिन्ह नाही. ओढलेले पडदे, दोन दिवे, ऊबदार व स्वच्छ खोली, दोन उंच पेले, बर्फाचे भांडे आणि पाचाला दहा मिनिटे कमी असलेले घड्याळ असे सुखवस्तू संसाराचे चित्र कथेच्या सुरुवातीला आहे. वस्तूंची जोडी पुन्हा पुन्हा येते. मात्र दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी आहे. पहिल्या कथेत घर पाहताच धोका कळतो, तर दुसरीत घर इतके नीटनेटके आहे की धोक्याला जागाच दिसत नाही. दोन्ही लेखकांनी घड्याळाचा उपयोग केला आहे. डॉयल यांच्या घड्याळाचे टोले भीती वाढवतात. मेरी मात्र सरणाऱ्या प्रत्येक मिनिटाने सुखावते, कारण नवऱ्याची येण्याची वेळ जवळ येत असते.

पात्रचित्रणाची भाषा

डॉयल यांची पात्रे बाह्य रूपावरून ओळखू येतात. हेलन काळ्या वेषात, चेहऱ्यावर जाळी घेऊन येते. तिचे केस अकाली पिकलेले आहेत आणि नजर शिकाऱ्याने पाठलाग केलेल्या प्राण्यासारखी आहे. तिच्या मनगटावर पाच बोटांचे वळ आहेत. ती त्यांविषयी स्वतःहून बोलत नाही. होम्स बाही वर करून ते पाहतो. रॉयलॉट उन्हाने रापलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याचे, शिकारी पक्ष्यासारखे दिसणारे दांडगे गृहस्थ आहेत. ते शेगडीची लोखंडी सळई वाकवून दाखवतात. ते गेल्यावर होम्स ती सरळ करतो. या एकाच कृतीत दोघांचे बळ आणि स्वभाव तोलले जातात. रूप आणि नीती यांची अशी सरळ सांगड व्हिक्टोरियन लोकप्रिय कथेत नेहमी आढळते.

डाल हीच सांगड उलटी वापरतात. मेरीची त्वचा नितळ, ओठ मृदू आणि डोळे शांत आहेत. हालचालीत संथपणा आहे. उन्हात पहुडलेल्या माणसाला ऊन जसे सुखावते, तशी ती नवऱ्याच्या सहवासाने सुखावते. वर्णन निष्पाप स्त्रीचे आहे आणि ते खोटेही नाही. खुनानंतर तीच स्त्री आरशासमोर बसून वाण्याशी बोलायची वाक्ये घोकते. पहिल्या प्रयत्नात आवाज विचित्र येतो, हळूहळू नेहमीसारखा होतो. येथे पात्राचे वर्णन बदलत नाही, त्याच्या आवाजाचे नियंत्रण बदलते. परत आल्यावर नवऱ्याचे प्रेत पाहून तिला येणारे रडू मात्र खरे असते. त्यामुळे मेरी सतीही ठरत नाही आणि खलनायिकाही.

संवाद

'द स्पेकल्ड बँड'मध्ये संवाद हे मुख्यतः माहिती मिळवण्याचे साधन आहे. हेलनची हकीकत दीर्घ, क्रमवार आणि जवळजवळ न्यायालयीन जबानीसारखी आहे. होम्सचे प्रश्न त्रोटक व नेमके असतात. तिच्या डाव्या बाहीवरचे चिखलाचे शिंतोडे आणि हातमोज्यातील परतीचे अर्धे तिकीट यांवरून तो तिचा प्रवास सांगतो. या एकाच उत्तरातून त्याची पद्धत प्रस्थापित होते. रॉयलॉट होम्सवर एकामागून एक अपमानकारक विशेषणे फेकतात आणि होम्सचे हसू प्रत्येक वेळी वाढत जाते. हा प्रसंग डॉयल यांच्या विनोदबुद्धीचाही नमुना आहे.

डाल यांच्याकडे संवाद तुटक आहेत आणि महत्त्वाचे ते बोलले जात नाही. मेरी आधी पेय, मग सपाता, मग चीज आणि शेवटी जेवण देऊ करते. पॅट्रिक प्रत्येक वेळी नाही म्हणतो. ही देऊ करण्याची व नाकारण्याची पुनरावृत्ती वाचकाला बेबनावाची चाहूल देते. कथेच्या उत्तरार्धात हाच क्रम पोलिसांबरोबर पुन्हा येतो. पण ते आधी आढेवेढे घेतात आणि मग स्वीकारतात. नवऱ्याने नाकारलेले जेवण त्याच्या सहकाऱ्यांनी घेणे, ही रचना संवादांच्या या समांतरतेवर उभी आहे. अखेरीस तोंडात घास असताना पोलीस बोलतात, तेव्हा त्यांची भाषा जाडीभरडी, बोलीभाषेतील आणि आळसावलेली होते.

वाक्यरचना व शब्दकळा

डॉयल यांचे वाक्य मुख्यत्वे मिश्र व संयुक्त आहे. मुख्य वाक्याला कारण, काळ आणि स्थिती सांगणारी गौण वाक्ये जोडलेली असतात. तर्काची साखळी व्याकरणातच दिसते. शब्दसंग्रह औपचारिक असून कायदा, वैद्यक व मालमत्ता या क्षेत्रांतील संज्ञा सहज येतात. उकलीच्या परिच्छेदात होम्स प्रत्येक निरीक्षणामागून निष्कर्ष ठेवत जातो. तेथे भाषा शिक्षकाच्या फळ्यावरील मांडणीइतकी टप्प्याटप्प्याची होते.

डाल यांचे वाक्य सहसा आखूड आणि केवल असते. खुनाचे वाक्य क्रियापदांवर चालते. त्यात भावनादर्शक विशेषण जवळजवळ नाही. घाव बसल्यावर पॅट्रिक चारपाच सेकंद हळूच डोलत उभा राहतो आणि मग कोसळतो. हा तपशील एखाद्या झाडाच्या पडण्याची नोंद घ्यावी तितक्या अलिप्तपणे येतो. घटना जितकी भयंकर तितकी भाषा साधी, हे तत्त्व डाल शेवटपर्यंत पाळतात. मेरीचे विचार मात्र मुक्तपणे निवेदनात मिसळतात आणि 'ती म्हणाली', 'तिला वाटले' असे दुवे गळून पडतात.

माहितीचे नियोजन

दोन्ही कथांत वाचकाला कधी आणि किती कळते, हे भाषेने ठरवले आहे. डॉयल यांच्या कथेत 'बँड' या एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ, पट्टा आणि टोळी, दिशाभूल करतात. आवारात जिप्सींची टोळी उतरलेली आहे आणि ते डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात. खुद्द होम्सही काही काळ या अर्थामागे जातो आणि अपुऱ्या माहितीवर तर्क करण्याचा धोका शेवटी मान्य करतो. म्हणजे कथेतील खरा चकवा वस्तूचा नसून शब्दाचा आहे.

डाल यांच्या कथेत वाचकाला सर्व ठाऊक असते आणि पात्रांना काहीच नसते. यालाच नाट्यपूर्ण उपरोध म्हणतात. हत्यार अगदी आपल्या नाकासमोर असावे, अशा अर्थाचे उद्गार पोलीस ते खाताना काढतात आणि शेजारच्या खोलीत मेरीला हसू फुटते. डॉयल यांचा वाचक शेवटी थक्क होतो. डाल यांचा वाचक हसतो आणि आपण कशाला हसलो या विचाराने अस्वस्थ होतो.

वसाहतीचा संदर्भ

'द स्पेकल्ड बँड'मध्ये धोका भारतातून येतो. रॉयलॉट यांनी कलकत्त्यात वैद्यकी केली. तेथे त्यांनी रागाच्या भरात आपल्या भारतीय नोकराला मारून ठार केले आणि दीर्घ कारावास भोगला. त्या मृत नोकराला कथेत नाव नाही. त्याचा मृत्यू केवळ रॉयलॉट यांच्या स्वभावाचा पुरावा म्हणून एका वाक्यात येतो. ज्यूलियाच्या मृत्यूचा शोध हा कथेचा विषय आहे. नोकराच्या मृत्यूचा शोध कोणी घेत नाही. आजचा भारतीय वाचक ही कथा वाचताना या वाक्यापाशी थांबणे स्वाभाविक आहे.

कथेतील निसर्गविषयक तपशीलही काल्पनिक आहेत. बबून भारतात आढळत नाही. ज्या जातीचा साप कथेत भारतातील सर्वांत विषारी म्हणून सांगितला आहे, तशी जात प्राणिशास्त्राला परिचित नाही. सापाला बाह्यकर्ण नसतात आणि दूध हे त्याचे अन्न नाही. नागपंचमीला सापाला दूध दाखवण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ असल्यामुळे दुधाच्या बशीचा धागा मराठी वाचकाला होम्सच्या आधीच सुटण्याची शक्यता आहे. मूळ इंग्रज वाचकासाठी जे परकीय व गूढ होते, ते येथे घरगुती ठरते.

मराठी भाषांतरातील प्रश्न

होम्सच्या कथा मराठीत भालबा केळकर यांच्यासारख्या लेखकांनी आणल्या. बाबूराव अर्नाळकर यांच्या धनंजय-छोटू या जोडीवरही होम्स-वॉटसनची छाया आहे. तरीही प्रस्तुत दोन कथांची शीर्षके भाषांतरकाराची परीक्षा पाहतात.

'बँड' या शब्दाचे दोन्ही अर्थ देणारा एकच मराठी शब्द नाही. 'पट्टा' म्हटले तर टोळी जाते, 'टोळी' म्हटले तर साप जातो. मूळ शब्द तसाच ठेवला तर मराठी कानाला लग्नाच्या वरातीतील वाजंत्री आठवते. श्लेष गेला की जिप्सींचा चकवा लंगडा पडतो, कारण मरणाऱ्या मुलीच्या शब्दांतील संदिग्धता हाच त्याचा आधार आहे. अशा वेळी 'वेटोळे', 'विळखा' यांसारखा शब्द योजून संशयाची दिशाच नव्याने रचावी लागते.

'लँब टू द स्लॉटर' हा वाक्प्रचार बायबलमधील यशया व यिर्मया यांच्या ग्रंथांतून आला आहे. मुकाट्याने वधाला नेला जाणारा निष्पाप जीव, असा त्याचा अर्थ. कथेत कोकरू हे खाद्य आहे, हत्यारही आहे. आणि निष्पाप बळी मेरी की पॅट्रिक, हा प्रश्न शीर्षकच उभा करते. मराठीत 'बळीचा बकरा' हा जवळचा वाक्प्रचार आहे. परंतु त्यात दुसऱ्याच्या दोषासाठी भरडला जाणारा, ही छटा अधिक आहे आणि बायबलमधील मुकाटपणाची छटा उणी.

तिसरा प्रश्न संबोधनांचा आहे. इंग्रजीतील एकाच द्वितीयपुरुषी सर्वनामासाठी मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावी लागते. १९५३ मधील मेरी नवऱ्याला 'अहो' म्हणेल की एकेरी हाक मारेल, यावर तिच्या संसाराचे सारे चित्र अवलंबून राहते. 'अहो जाहो' केल्यास तिची सेवाभावी आज्ञाधारकता ठळक होते आणि पुढचा घाव अधिक अनपेक्षित वाटतो. एकेरी केल्यास नात्यातील जवळीक आणि तिचा भंग अधिक जाणवतो. हेलन होम्सला 'आपण' म्हणेल यात शंका नाही. पण रॉयलॉट होम्सवर ओरडताना 'तू'वर उतरले पाहिजेत, तरच त्यांचा उर्मटपणा मराठीत पोहोचतो.

कायदा, न्याय आणि वाचक

शैली भिन्न असली तरी दोन्ही कथांत सरकारी यंत्रणा सत्यापर्यंत पोहोचत नाही. रॉयलॉट धोकादायक पाळीव प्राण्याशी निष्काळजीपणे खेळताना मरण पावले, असा निष्कर्ष चौकशीत निघतो. मॅलोनी प्रकरणात तर पोलीस पुरावाच संपवतात. खरे काय घडले हे पहिल्या कथेत होम्स, वॉटसन, हेलन व वाचक यांना आणि दुसरीत मेरी व वाचक यांनाच ठाऊक राहते.

फरक पडतो तो वाचकाला दिलेल्या भूमिकेत. रॉयलॉट यांच्या मृत्यूला आपण अप्रत्यक्षपणे कारण झालो, हे होम्स मान्य करतो. पण त्याचे ओझे आपल्या मनावर राहणार नाही असेही सांगतो. तर्कशुद्ध, संयत भाषेमुळे वाचकाला हा निवाडा पटतो आणि तो निश्चिंत होतो. डाल असा निवाडा देत नाहीत. गरोदर स्त्रीला फाशी झाली तर पोटातल्या बाळाचे काय, हा मेरीचा विचार वाचकाला तिच्या बाजूला ओढतो. पॅट्रिकचे तोडून टाकणारे बोलणे गाळल्यामुळे त्याचा अपराध किती, हे मोजायला मापच उरत नाही. पोलिसांनी तंगडी संपवावी, असे वाचकालाच वाटू लागते. पहिल्या कथेची भाषा वाचकाला साक्षीदार करते, दुसरीची त्याला साथीदार करते.

रूपांतरे

डॉयल यांनी स्वतः आपल्या कथेचे नाट्यरूपांतर केले आणि १९१० मध्ये ते लंडनच्या ॲडेल्फी थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. डाल यांच्या कथेवर 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग १३ एप्रिल १९५८ रोजी प्रसारित झाला. त्याचे दिग्दर्शन आल्फ्रेड हिचकॉक यांनी केले होते आणि मेरीची भूमिका बार्बरा बेल गेडीज यांनी केली होती. पुढे १९७९ मध्ये 'टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड' या ब्रिटिश मालिकेतही ही कथा सादर झाली.

हेही पहा

शेरलॉक होम्स
रोआल्ड डाल
रहस्यकथा
बाबूराव अर्नाळकर